मरुभूमीतील नदी आणि पिसांची माशी

वाळवंटात मासे धरायला गेलो होतो, असे आम्ही सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "मृगजळात गळ टाकला होता काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानातील वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे उभे राहतात, आणि त्या चित्रात माशाला जागा नसते. परंतु पृथ्वीवरील सगळी वाळवंटे एका जातीची नाहीत. जेथे पाऊस फार थोडा पडतो आणि पडेल त्याहून अधिक पाणी हवा शोषून घेऊ शकते, ते वाळवंट. तेथे वाळू असलीच पाहिजे असे नाही, आणि बारा महिने उकाडा असला पाहिजे असेही नाही.

अमेरिकेच्या वायव्येस ऑरेगॉन राज्य आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यातील उंच पठार हे असे थंड वाळवंट होय. तेथे स्टीन्स नावाचा पर्वत आहे, त्या पर्वतावरून डोनर उंड ब्लिट्झेन नावाची नदी उतरते, आणि त्या नदीत रेडबँड नावाचा ट्राउट मासा राहतो. त्याला शोधीत आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस पायपीट केली. ती कशी झाली हे सांगूच. परंतु हा मासा वाळवंटात आला कसा, टिकला कसा आणि पुढे टिकेल कशाच्या बळावर, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

प्रथम तो प्रदेश पाहू. पोर्टलंड शहराच्या परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांतील एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो. ते आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा असे दोघे आमच्याबरोबर निघाले. पोर्टलंडहून बर्न्स हे गाव सुमारे ४६५ किलोमीटर. तेथून दक्षिणेस आणखी सुमारे शंभर किलोमीटर गेले की फ्रेंचग्लेन नावाची वस्ती लागते. वस्ती म्हणायची ती एक जुने लाकडी हॉटेल आणि आजूबाजूची थोडी घरे एवढ्यापुरती. हा सारा मुलूख हार्नी काउंटीत मोडतो. तिचे क्षेत्रफळ सुमारे २६,००० चौरस किलोमीटर; आणि २०२० च्या शिरगणतीत तेथे माणसे भरली साडेसात हजार. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, तो सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. त्याच्या दीडपट भूमीवर आपल्या एखाद्या मोठ्या बाजारगावापेक्षाही कमी माणसे राहतात, अशी कल्पना करावी.

या ओसाडीचे कारण महाराष्ट्रातील श्रोत्यांना फोडून सांगायला नको. सह्याद्री मोसमी ढगांना अडवतो. महाबळेश्वरी धो धो पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडील माण-खटावला त्याचा दहावा हिस्साही कसाबसा पोहोचतो. तेथे हेच काम कॅस्केड पर्वतरांग करते. पॅसिफिक महासागरावरून आलेले ढग तिच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात, आणि पूर्वेच्या पठारावर वर्षाकाठी दहा-अकरा इंच पाऊस पडला तर पडला. स्टीन्स पर्वताच्या पूर्व पायथ्याशी अल्व्होर्ड नावाचे सपाट, पांढुरके, खारवट मैदान आहे. तेथे तर सातच इंच.

दुसरे साम्य पायांखाली आढळते. स्टीन्सचा दगड म्हणजे आपलाच काळा पाषाण. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस थरावर थर पसरला, तसा तो दख्खनमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला आणि येथे सुमारे १ कोटी ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. कड्यांवरचे आडवे पट्टे पाहताना आपण नाणेघाटात उभे आहोत की काय असे क्षणभर वाटते. फरक पडला तो पुढे. येथील जमीन ताणली जाऊन तिला मोठी चीर पडली आणि त्या चिरेच्या एका अंगाचा सुमारे ८० किलोमीटर लांबीचा ठोकळा तिरपा वर उचलला गेला. त्यामुळे हा पर्वत पूर्वेकडून पाहिला तर एकदम मैलभर उंचीची भिंत, आणि पश्चिमेकडून पाहिला तर हळूहळू चढत जाणारे उतरते छप्पर. माथा सुमारे ९,७०० फूट उंच आहे. त्या उंचीवर थंडीत पडलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकतो. वर जाणारा कच्चा रस्ता बर्फामुळे पुष्कळदा जुलै महिन्यापर्यंत बंदच असतो. आपले शेतकरी पूर्वी पेवात धान्य साठवीत, तसे या पर्वताने थंडीतले पाणी बर्फाच्या रूपाने साठवून ठेवलेले असते आणि सारा उन्हाळा तो ते पुरवून पुरवून खाली सोडतो. वाळवंटात नदी वाहते तिचे इंगित हे आहे.

नदीचे नाव ऐकून आम्हीही बुचकळ्यात पडलो होतो. डोनर उंड ब्लिट्झेन या जर्मन शब्दांचा अर्थ ‘गडगडाट आणि वीज’. १८६४ साली कर्नल जॉर्ज करी याच्या हाताखालची फौज ही नदी ओलांडीत असता मोठे वादळ झाले, म्हणून हे नाव पडले. ही नदी समुद्राला मिळत नाही. ती उत्तरेकडे वाहते, मॅल्हूर नावाच्या उथळ सरोवरात शिरते आणि तेथे तिचे पाणी उन्हाने उडून जाते. या खोऱ्याला बाहेर जाण्याची वाटच नाही.

मग समुद्राशी संबंध नसलेल्या या नदीत ट्राउट आला कोठून? ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. रेडबँड तर समुद्रात ये-जा करणाऱ्या स्टीलहेड माशाचा जवळचा नातलग आहे. तो येथे उडून आलेला नाही आणि, या नदीपुरते बोलायचे तर, कोणी आणून सोडलेलाही नाही. उत्तर हिमयुगात सापडते. हिमयुगाच्या काळात हवा थंड आणि ओली होती. आज जेथे उथळ सरोवरे आणि दलदली आहेत तेथे त्या वेळी सारे खोरे भरून टाकणारे विशाल सरोवर होते. ते ओसंडले की पाणी पूर्वेकडे मॅल्हूर नदीत, तेथून स्नेक नदीत, तेथून कोलंबिया नदीत आणि शेवटी पॅसिफिकमध्ये जाई. त्या वाटेने या माशाचे पूर्वज वर चढून आले. पुढे हवा सुकत गेली, सरोवर आटले, वाट तुटली. दाराबाहेर गेलेले परत आले नाहीत आणि आत राहिलेले आतच राहिले. हजारो वर्षे हा मासा त्या पर्वताच्या बर्फावर निर्वाह करीत आहे. आज जो रेडबँड आपण पाहतो तो त्या आटलेल्या सरोवराचा जिवंत अवशेष आहे.

माणसेही येथे तितकीच जुनी आहेत. येथून पश्चिमेस फोर्ट रॉक नावाच्या गुहेत ल्यूथर क्रेसमन या संशोधकाला १९३८ साली सेजब्रश झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या. त्या नऊ हजार वर्षांहून जुन्या ठरल्या. या मुलखात उत्तर पायूट लोक राहत आले. १८७२ साली सरकारने त्यांच्यासाठी राखीव प्रदेश नेमून दिला आणि १८७८ च्या लढाईनंतर तो काढून घेतला. १८७९ च्या ऐन हिवाळ्यात त्यांतील शेकडो जणांना बर्फातून शेकडो मैल चालवीत उत्तरेस नेण्यात आले. त्यांचे वंशज आज बर्न्स गावाजवळ राहतात. ज्या वाटेवरून आम्ही हौसेने चाललो, त्या प्रदेशात सक्तीने चाललेली पावलेही आहेत, याचे स्मरण ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते.

आता त्या पिसांच्या माशीकडे वळू. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. आमिषाच्या आणि शिशाच्या वजनाने गळ दूर जातो. ट्राउटच्या या प्रकारात आमिष नसते. बारीक गळावर पिसे, लोकर, रेशमाचा धागा गुंडाळून पाण्यावरच्या माशीची प्रतिकृती करतात. तिला वजन असे नसतेच. मग ती वीस-तीस फूट दूर जाते कशी? येथे वजन दोरीला दिलेले असते. जाड, गुळगुळीत दोरी लवचीक छडीने मागे उडवायची, ती पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे आणायचे. असूड उडवताना जशी लाट त्याच्या टोकापर्यंत धावते, तशी दोरीतील लाट पुढे धावते, आणि दोरीच्या टोकाला बांधलेल्या बारीक पारदर्शक धाग्यावरून ती माशी अलगद पाण्यावर उतरते. सारी कला त्या थांबण्यात आहे. नवशिका मागे न थांबता घाई करतो आणि माशी आपल्याच टोपीत अडकवून घेतो. आमच्या टोपीला पहिल्या सकाळी दोन भोके पडली.

ही विद्या नवी नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास ईलियन या लेखकाने मॅसिडोनियातील कोळी गळावर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात असे लिहून ठेवले आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथात अशा बारा माश्यांची कृती दिलेली आहे.

पण माशी बांधता आली म्हणजे मासा लागतो असे नाही. आधी नदी वाचता यावी लागते. मेफ्लाय नावाचा कीटक बहुधा वर्षभर पाण्यातील दगडांखाली अळीच्या रूपात काढतो, आणि पंख फुटल्यावर एखादा दिवस जगून अंडी घालून मरतो. कॅडिस नावाचा दुसरा कीटक वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळकांडे बांधतो आणि त्यात राहतो. ट्राउट हे सारे खातो. पण त्यासाठी धावाधाव करीत नाही. तो हिशेबी असतो. एखाद्या धोंड्याच्या मागे, जेथे प्रवाह मंद असतो, तेथे तो दबा धरून राहतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून वाहून येणारा घास तेवढा चटकन टिपतो. घासातून मिळणाऱ्या बळापेक्षा तो मिळवण्यात अधिक बळ खर्च झाले तर मासा उपाशीच मरेल. म्हणून वेगवान आणि मंद पाण्याची शीव जेथे असेल तेथे माशी टाकायची. ऑगस्टात काठच्या गवतातील नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात. त्या दिवसांत पिसांचा नाकतोडा केला तर बहुधा काम भागते.

आमचा पहिला मुक्काम पेज स्प्रिंग्ज या ठिकाणी, नदी डोंगरातून बाहेर पडते तेथे होता. उंची महाबळेश्वराच्या आसपास. पण हवा कोरडी इतकी की ओला पंचा अर्ध्या तासात खडखडीत वाळे. दुपारी ऊन भाजून काढी आणि पहाटे दोन रग अपुरे पडत. येथून नदीच्या कडेने वर एक पाऊलवाट जाते. थोड्या अंतरानंतर ती वाट राहत नाही. दरडी, वाळुंजाची दाटी आणि पाणी यांतूनच पुढे सरकावे लागते. प्रत्येकाने चार लिटर पाणी बरोबर घ्यायचे, पायापुढचा दगड काठीने ठोकून मगच पाऊल टाकायचे, कारण खुळखुळ्या साप याच दगडांच्या सावलीस बसतो, आणि दुपारी ढग जमले तर उघड्या कड्यावर थांबायचे नाही, असे तीन नियम आमच्या स्नेह्यांनी घालून दिले होते.

चालताना एक वास सतत सोबत असतो. सेजब्रशच्या करड्या झुडपांना अंग घासले की तो उठतो. आम्ही थबकलोच, कारण तो वास ओळखीचा होता. चैत्रात जोतिबाला आपण जो दवणा वाहतो त्याच्या जवळचा. पुढे कळले की यात भास नाही. दवणा आणि सेजब्रश या दोन्ही आर्टेमिसिया या एकाच वंशातील वनस्पती आहेत. बारा-तेरा हजार किलोमीटरवर चैत्राचा वास भेटावा, याचा आनंद ज्याचा त्यालाच कळेल.

पहिल्या सकाळी आमच्या स्नेह्यांना तीन मासे लागले, आम्हांला एक. वीतभर लांबीचा. पाठ हिरवट, अंगावर काळे ठिपके, आणि कुशीवरून विटकरी तांबडा पट्टा. त्या पट्ट्यावरूनच त्याला रेडबँड म्हणतात. गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला असतो, त्यामुळे तो चटकन सुटतो. हात ओले करून, माशाला पाण्यातच धरून, तोंड प्रवाहाकडे करून क्षणभर थांबले की तो हातातून निसटतो. कोरडा हात लावला तर त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो.

येथे श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न येणारच. पकडून सोडायचा, तर पकडायचा कशाला? आम्हीही हा प्रश्न स्नेह्यांना विचारला. त्यांनी सरळ उत्तर दिले: "यात माशाचा काही फायदा नाही. त्याला त्रासच होतो. आनंद आपला आहे. म्हणून त्याच्या त्रासाचा हिशेबही आपणच ठेवला पाहिजे." असे म्हणून त्यांनी खिशातून दोरी बांधलेला एक उष्णतामापक काढला आणि पाण्यात सोडला.

त्या साध्या नळीला किती महत्त्व आहे हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना सुमारे ९.१. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे हे आकडे आणखी खाली येतात. उलट, पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी. सर्वसाधारण ट्राउट २५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ जगू शकत नाही. रेडबँड मात्र वाळवंटात वाढलेला. २५ अंशांवर पाणी गेलेल्या ओढ्यांतही तो जिवंत आढळतो. पण जिवंत राहणे वेगळे आणि गळाशी झुंजणे वेगळे. दुष्काळात एकवेळ जेवून दिवस काढणाऱ्या माणसाला कुस्तीच्या आखाड्यात उतरवावे, तसे ते होईल. गळातून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने कोठेतरी दगडाखाली मरतो. आपण तो पाहत नाही, एवढेच. म्हणून पाणी २० अंशांवर गेले की छडी गुंडाळायची, असा जाणत्या गळकऱ्यांचा दंडक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी १५ अंश होते. अकराला १८ झाले. बरोबरच्या मुलाला दोन दिवसांत एकही मासा लागला नव्हता. दुपारी एकच्या सुमारास एका डोहाच्या तोंडाशी चांगला हातभर मासा वर आला आणि नाकतोडा गिळून खाली गेला. पुन्हा आला. मुलाने धावत येऊन छडी सरसावली. त्याच्या वडिलांनी नळी पाण्यात धरली. २१ अंश.

"काका, एकदाच टाकतो," तो आम्हांला म्हणाला. त्याची भाषा अर्जाची होती, आणि अर्ज आमच्याकडे होता, कारण वडील काय म्हणणार हे त्याला ठाऊक होते. खरे सांगायचे तर ‘टाक’ असे म्हणावेसे आम्हांला वाटले. एका माशाने काय होणार? एवढ्या दूर आलेला पोर; पुन्हा केव्हा येणार? आम्ही गप्प राहिलो. वडीलही गप्प राहिले. मासा तिसऱ्यांदा वर आला. मुलाने त्याच्याकडे पाहिले, मग नळीकडे पाहिले, आणि काही न बोलता दोरी रिळावर गुंडाळली. आम्ही चौथ्यांदा वर येणारा मासा पाहत तेथेच सावलीत बसून भाकरी-ठेचा खाल्ला. आमच्या सबंध प्रवासातील महत्त्वाची घटना कोणती असे कोणी विचारले तर आम्ही हीच सांगू.

परंतु पाणी २१ अंश का झाले, हा प्रश्न त्या छडीबरोबर गुंडाळून ठेवता येत नाही. ऊन आहे, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे नदीच्या काठावर आहे. वाळुंजाची दाट झाडी काठावर असली की पाण्यावर सावली पडते, मुळे माती धरून ठेवतात आणि नदी अरुंद व खोल राहते. झाडी गेली की काठ ढासळतात, नदी रुंद आणि उथळ होते, आणि परातीत ठेवलेल्या पाण्यासारखी तापते. या प्रदेशात हे दोन टप्प्यांनी घडले. १८२० नंतरच्या दशकात हडसन्स बे कंपनीचे शिकारी पीटर स्कीन ऑग्डेन याच्या हाताखाली या बाजूस आले. ओढ्यांवर काटक्यांचे बांध घालणारा बीव्हर हा प्राणी त्यांनी कातड्यासाठी इतका मारला की प्रदेशच्या प्रदेश त्याच्यावाचून रिकामे झाले. बीव्हरचे बांध गेले तसे कुरणांत मुरणारे पाणीही गेले. मग १८७२ साली पीटर फ्रेंच कॅलिफोर्नियातून गुरांचे कळप घेऊन आला आणि ब्लिट्झेनच्या खोऱ्यात त्याने प्रचंड जहागीर उभी केली. १८९७ साली जमिनीच्या तंट्यात त्याला गोळी घालण्यात आली, पण गुरे राहिली. कोरड्या मुलखात गुरे पाण्याकाठीच गर्दी करणार आणि कोवळे वाळुंजच आधी खाणार. त्यात त्या मुक्या जनावरांचा दोष काय? खालच्या अंगाला दलदली सुकवण्यासाठी नदी सरळ कालव्यात बांधण्यात आली. पुढे मॅल्हूर सरोवरात कार्प हा परका मासा माजला. तळ ढवळून तो पाणी गढूळ करतो. पाणवनस्पती मरतात आणि त्यांवर जगणारी पाखरे जातात.

ही गोष्ट येथेच संपली असती तर ती सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. १९०८ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मॅल्हूर सरोवर पक्ष्यांसाठी राखून ठेवले. १९३५ साली ब्लिट्झेनचे खोरेही त्या अभयारण्यात आले. १९८८ साली वरच्या नदीला कायद्याचे संरक्षण मिळाले, म्हणजे तिच्यावर नवे धरण बांधता येत नाही. आणि २००० साली स्टीन्स पर्वताचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने सुमारे १,७०,००० एकर रान राखीव केले आणि पर्वताच्या सुमारे ९७,००० एकरांवर गुरे चारणे बंद केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे गुरेवाल्यांना हाकलून झाले नाही. त्यांना त्या बदल्यात इतरत्र जमिनी आणि पैसा देण्यात आला. आणि पर्वताची व्यवस्था पाहताना पशुपालक, पायूट, निसर्गप्रेमी व मासे धरणारे यांनी एकत्र बसून सल्ला द्यावा अशी मंडळाची योजना त्या कायद्यात आहे. भांडणे मिटली असे नाही. पण जेथे गुरे थांबली तेथे वाळुंज परत येऊ लागते, कारण मुळे जमिनीत वाट पाहत असतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही हे प्रत्यक्ष पाहायला वर निघालो. पर्वताच्या दक्षिण अंगाला, कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर, गाडी ठेवली आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन लिटल ब्लिट्झेनच्या दरीत उतरलो. वाटेत रिडल बंधूंचे जुने घर लागते. या तीन अविवाहित भावांनी शंभर वर्षांपूर्वी येथे गुरे पाळली; आता ते घर जपून ठेवले आहे. ही दरी हिमनदीने खोदलेली असल्यामुळे तिचा आकार पसरट परातीसारखा आहे. दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये गवताचा पट्टा, अ‍ॅस्पेनची सळसळणारी पाने, आणि काठाला लपवून टाकणारे वाळुंज. ओढा दोनदा ओलांडावा लागला. गुडघाभर पाण्यात पाय बधिर झाले. भर दुपारी दोन वाजता नळी घातली: १३ अंश. खाली ज्या वेळेला छडी गुंडाळावी लागली होती, त्याच वेळेला येथे ती उघडता येत होती. अंतर फार नव्हे. उंची, सावली आणि बर्फाचे सान्निध्य एवढाच फरक.

चौथ्या सकाळी मुलाला मासा लागला. तो हातभर नव्हता; वीतभरही नव्हता, चार बोटे कमीच. त्याने हात ओले केले, माशी सोडवली आणि त्याला पाण्यात धरून ठेवले. मासा बराच वेळ त्याच्या ओंजळीत थांबला आणि मग दगडाच्या रंगात मिसळून गेला. मुलाने पुन्हा माशी टाकली नाही. बस झाले, म्हणाला.

परतताना आमचे स्नेही म्हणाले, "तुमच्याकडेही असे मासे आहेत की!" आम्हांला वाळण कोंड आठवला. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीचा तो डोह. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तेथील महसीर कोणी धरीत नाही. लोक येतात, कुरमुरे टाकतात आणि पाहून जातात. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास चालवली आहे, आणि तेथील पिले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. एकीकडे देवीची आण आहे, दुसरीकडे कायदा आणि उष्णतामापक. वाटा निराळ्या, पण अर्थ एकच: पाण्यात जे राहते त्याच्यासाठी माणसाने आपल्या हाताला मर्यादा घालून घ्यायची. ही मर्यादा केवळ मासा न धरण्याची नाही, हे मात्र आम्ही स्टीन्सवर शिकलो. देवीचा मासा आपण धरला नाही, पण डोहाचा काठ उघडा पाडला, वाळू उपसली आणि वरचे पाणी अडवले, तर त्याला वाचवायला आण पुरणार नाही. मासा वाचवायचा म्हणजे काठ वाचवायचा.

आज हवामान तापत आहे. बर्फाचे पेव कमी भरणे आणि लवकर रिते होणे, हा या माशापुढचा उद्याचा दुष्काळ आहे. हिमयुगाचे सरोवर आटले त्या वेळी त्याच्या सावकाश बदलाबरोबर त्याने स्वतःला बदलले. त्याला हजारो वर्षे मिळाली. या खेपेस तितका वेळ नाही. बर्फ किती पडावा हे हार्नी काउंटीतील साडेसात हजार माणसांच्या हाती नाही. त्यात तुमचा आमचा, साऱ्या जगाचाच, वाटा आहे. काठावर वाळुंज उभे राहू द्यावे की नाही, हे मात्र त्यांच्या हाती आहे, आणि त्यांनी त्याचा निर्णय एका पर्वतापुरता तरी केला आहे. आपल्या नद्यांच्या काठीही वाळुंज होते. ते कोठे उरले आहे, हे या उन्हाळ्यात जाऊन पाहावे, एवढीच श्रोत्यांना आमची विनंती आहे. बरोबर एक साधा उष्णतामापक न्यावा.